जॉमेट्री म्हटलं की आधी विचारा, कोन कुणी ठरवला?

सोलापूरच्या पूर्व भागात 'कोन' म्हटलं की पोरांना आधी कारखान्यातला सुताचा कोन आठवतो, भूमितीतला नंतर. गंमत म्हणजे त्या सुताच्या कोनाला भूमितीत शंकू म्हणतात.

मी घरीच शिकवणी घेते. सहाला दहावीची भूमिती, साडेसातला अकरावीची केमिस्ट्री. दादा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर आहे, तोही जेवताना 'टूलची जॉमेट्री बिघडली' म्हणतो. शब्द एकच, पण पोरं हमखास गोंधळतात. म्हणून मी त्यांना एकच प्रश्न विचारायला लावते: हा कोन कुणी ठरवला?

गणितात तो दिलेल्या गोष्टींतून आपोआप ठरतो. सूत घ्या, एकेका वितीवर खूण करत बारा विती मोजा, टोकं जोडा. तीन, चार आणि पाच विती अशा बाजू करून ताणा. तीन आणि चारच्या मधे काटकोन. गवंडी पायाची आखणी याच हिशोबानं करतात. तुमचं सूत जरा ताणलं जाऊन ८९ अंश आले तरी पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खोटा ठरत नाही. तो सुताबद्दल बोलतच नाही.

केमिस्ट्रीत कोन ठरवतात इलेक्ट्रॉन. इथे फुगे लागतात, एकाच मापाचे चार. एक फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनची एक जोडी. दोन-दोन फुग्यांची तोंडं एकमेकांना बांधा, मग दोन्ही जोड्या मधोमध पिळून अडकवा. टेबलावर सोडा. फुगे आपणच एकमेकांना ढकलून चार दिशांना पसरतात, तीन पाय खाली आणि एक वर. हा मिथेन: मधे कार्बन, प्रत्येक फुग्याच्या टोकाला एक हायड्रोजन, कोन १०९.५ अंश. कुणी मापून लावलेला नाही.

आता एक फुगा सोडून त्या जागी जरा मोठा लावा. ही लोन पेअर, म्हणजे दुसऱ्या अणूशी न जोडलेली इलेक्ट्रॉनची जोडी. ती एकाच अणूच्या ताब्यात असते, म्हणून जास्त जागा खाते आणि बाकीच्यांना दाबते. अमोनियात कोन सुमारे १०७ वर येतो. पाण्यात अशा दोन जोड्या, तिथे १०४.५.

इथेच मी स्वतः अकरावीत मार्क घालवले होते. अमोनियाला चार जोड्या मोजल्या आणि बिनधास्त 'टेट्राहेड्रल', म्हणजे मिथेनसारखा चतुष्फलक, लिहून आले. मोजताना सगळे फुगे मोजायचे, पण आकाराचं नाव देताना लोन पेअरचा फुगा झाकायचा आणि फक्त अणू बघायचे. उरतो तो त्रिकोणी पायाचा पिरॅमिड. वहीत दोन रकाने करा: 'जोड्या कशा पसरल्या' आणि 'अणू कसे दिसतात'. मिथेनला दोन्हीकडे एकच उत्तर येतं, म्हणून तर फसायला होतं.

लेथवर कोन माणूस ठरवतो, कामाप्रमाणे. साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन बहुतेक ११८ अंश असतो. कठीण धातूला १३५ चा बोथट घेतात. पण नुसता कोन जुळून भागत नाही, दोन्ही धारांची लांबीही सारखी हवी. दादानं एकदा घाईत हातानं धार लावली, एक बाजू लांब राहिली, आणि १० मिमीच्या ड्रिलनं भोक १० पेक्षा मोठं पडलं. जॉब भंगारात गेला. म्हणून ड्रॉइंगवर कोनाशेजारी 'इतका कमी-जास्त चालेल' हेही लिहिलेलं असतं. गणितात असं लिहिलं तर मी शून्य देईन.

रस्त्याच्या जॉमेट्रीचंही तेच: वळणाची त्रिज्या, चढ, वळणावर बाहेरची कड किती उचलायची, सगळं गाड्यांच्या वेगाकडे बघून ठरवलेलं.

फुग्यांचा प्रयोग मात्र सकाळी करा. आपल्याकडे एप्रिलात दुपारी पत्र्याखाली बसलात तर मिथेनचे दोन हायड्रोजन शिकवता शिकवताच फुटतात.