घरी केलेल्या मेणबत्तीचं भांडं कसं निवडावं, कसं तपासावं

भांड्यातली मेणबत्ती पहिल्या दिवशी जवळजवळ कशातही नीट जळते. ज्योत वर असते, खालचं घट्ट मेण उष्णता शोषून घेत राहतं. शेवटी मात्र तळाशी जेमतेम सेंटिमीटरभर मेण उरतं, ज्योत तळाला टेकायला येते आणि चहूबाजूंच्या उंच भिंतींत उष्णता कोंडते. काच तडकण्याचे आणि टेबल करपण्याचे प्रकार बहुतेक याच टप्प्यात होतात. त्यामुळे भांडं हातात घेतलं की पाहायचं ते हेच: मेण संपत आल्यावर हे टिकेल का?

लाकडी वाटी, करवंटी, पुठ्ठा आणि प्लास्टिक यांना सरळ नकार द्या. आतून लेप दिला तरी वात कडेला सरकली की लेपाखालचा पदार्थ पेट घेऊ शकतो. झिलई नसलेली माती फसवी असते. ती जळत नाही, पण वितळलेलं मेण तिच्यात मुरतं, बाहेरच्या अंगाला पाझरतं आणि मग भिंतच वातीसारखी पेटू शकते. सिमेंटच्या भांड्याचंही तेच. शिवाय त्यात अडकलेला ओलावा तापल्यावर तडे जातात. आतून रंगवलेलं भांडं आणि काठावर चिकटवलेली सुकी फुलं, दोरी किंवा लेस हेही नको. सजावट हवीच असेल तर ती बाहेरून आणि काठापासून बरीच खाली असू द्या.

काच सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत जास्त गैरसमजही काचेबद्दलच. काच फुटते ती तिच्या दोन भागांच्या तापमानातल्या फरकामुळे. ज्योत एका जागी भिंतीला लागली की तेवढाच भाग प्रसरण पावतो, शेजारचा थंडच राहतो आणि मधल्या ताणाने तडा जातो. जाड काच मजबूत असणार असं वाटतं, पण जाड काचेची आतली बाजू तापते तेव्हा बाहेरची अजून थंड असते, म्हणून ताण उलट वाढतो. जाडीपेक्षा ती सगळीकडे सारखी आहे का, हे पाहा. टॉर्च आतून लावून भांडं फिरवलं की बुडबुडे, ओरखडे आणि काठावरचे टवके लगेच दिसतात. यातलं काहीही दिसलं तर ते भांडं बाद. दांडीचे ग्लासही नकोत: काच पातळ, बैठक अरुंद, आणि दांडी जिथे जोडलेली असते तिथे ताण एकवटतो.

आकार सरळ उभ्या भिंतींचा किंवा वर किंचित पसरट घ्या. तोंड पोटापेक्षा अरुंद असेल तर ज्योतीला हवा कमी पडते, काजळी धरते आणि गरम हवा मानेशी साचून नेमकी तीच जागा तापते. एका वातीसाठी ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाचं भांडं सोयीचं. १० सेंटिमीटरच्या पुढे एकच मोठी वात लावण्यापेक्षा दोन लहान वाती बऱ्या. पत्र्याचा डबा तडकत नाही, पण बिनजोडाचा घ्या, कारण जोडातून मेण गळतं. डब्याचा तळ चांगलाच तापतो, म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवायलाच हवा.

निवडलेल्या भांड्याच्या तीन चाचण्या मेण ओतण्याआधीच होतात.

गळती: भांडं पाण्याने भरून टिश्यू पेपरवर २४ तास ठेवा. कागदाला ओल दिसली तर विषय संपला.

स्थिरता: ३० सेंटिमीटर लांब फळीचं एक टोक ५ सेंटिमीटरच्या थोडं वर उचला. हा साधारण १० अंशांचा उतार झाला. त्यावर भांडं कोणत्याही बाजूने ठेवलं तरी कलंडता कामा नये.

तापमानाचा धक्का (काचेसाठी): पातेल्याच्या तळाशी फडकं घालून भांडं कोमट पाण्यात बुडवा आणि पाणी हळूहळू ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. दहा मिनिटांनी चिमट्याने उचलून थेट २५ अंशांच्या पाण्यात सोडा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, मेणबत्तीच्या काचेसाठीच्या एफ २१७९ या मानकातही ५० अंशांचाच फरक धरलेला आहे. एकाच खेपेतले दोन-तीन नग तपासा. तपासलेले नग मात्र मेणबत्तीसाठी वापरू नका. न दिसणारा तडा राहिलेला असू शकतो.

भांडं चांगलं असूनही बेत फसतो तो वातीखालच्या धातूच्या चकतीमुळे. या चकतीला मधोमध छोटी नळी असते. ती निदान ६ मिलिमीटर उंच घ्या, ९-१० असली तर उत्तम. मेण नळीच्या टोकाखाली गेलं की वातीला इंधन मिळत नाही आणि ज्योत तळाला पोचण्याआधीच विझते. चकती साध्या ग्लू गनने चिकटवू नका. गरम मेणात तो गोंद मऊ पडतो, चकती सुटते, वात भिंतीला टेकते आणि काच तिथेच तडकते. उष्णता सोसणारा सिलिकॉन किंवा वातीसाठीचे खास स्टिकर वापरा.

आता जाळून पाहायची चाचणी. वात ५-६ मिलिमीटरवर कापा, भांडं फरशीवर ठेवा, चार तास जाळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि वात आपोआप विझेपर्यंत हेच करत राहा. या काळात खोली सोडून जायचं नाही. वितळलेल्या मेणाची खोली दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली, ज्योत थरथरत काजळी सोडू लागली किंवा बाहेरची भिंत ६० अंशांच्या वर गेली, तर वात एक आकार लहान घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मेणबत्तीपासून आग लागू नये म्हणून केलेल्या एएसटीएम एफ २४१७ या मानकात ज्योतीच्या उंचीची कमाल मर्यादा ७५ मिलिमीटर आहे. लहान भांड्यात ज्योत तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी हात आवरायला हवा. शेवटच्या फेरीत तळाखाली हात लावण्याआधी थर्मामीटर लावा.

कापलेल्या वातीचे तुकडे किंवा काडी मेणात पडू देऊ नका. ते जास्तीच्या वाती होतात आणि मेण इतकं तापू शकतं की सगळा पृष्ठभागच पेटतो. तसं झालं तर पाणी अजिबात ओतू नका. पाणी मेणाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं मेण चारी बाजूंना उडतं. धातूचं झाकण किंवा ताटली वरून सरकवा आणि भांडं गार होईपर्यंत ना उघडा, ना हलवा. पेटवण्याआधी अशी ताटली हाताशी ठेवा. लाकडी किंवा प्लास्टिकची झाकणं फक्त थंड मेणबत्तीवर धूळ बसू नये म्हणून असतात.

भांडं पुन्हा वापरायचं असेल तर मेण सुरीने खरवडू नका. ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची जागा. तळाशी उरलेलं मेण गरम पाण्याने मऊ करून कागदाने पुसा, ते बेसिनमध्ये सोडू नका. पुसलेली काच टॉर्च लावून तपासा. शंका आली तर त्यात पेनं ठेवा.