कोंबडीखत : वळवाआधी ढिगाला पाणी पाजा

बांधावर कोंबडीखताचा ढीग पडून असेल तर आज त्यात हातभर खड्डा करून बघा. वरून काळाभोर दिसतो. आत भाताचं तूस जसंच्या तसं, कोरडं ठाक, आणि नाकात झोंबणारा वास. चार महिने पडलंय म्हणजे कुजलंय, असं धरून हेच खत गादीवाफ्यात जातं. सातारा भागात आल्याचे प्लॉट असे बसताना मी पाहिलेत. उगवण झकास, पहिल्या पावसानंतर पानांच्या कडा करपतात, मागोमाग कंदकूज. मग बियाण्याला शिव्या आणि बुरशीनाशकाला पैसे.

खत जिवाणू कुजवतात आणि त्यांना ओल लागते. कोरड्या ढिगात ते मरत नाहीत, नुसते निपचित पडतात. ढिगात पाणी दिलं नाहीत तर पावसात ते वाफ्यात जागे होतात, थेट मुळांशेजारी. विष्ठेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया तिथेच होतो, उष्णताही तिथेच सुटते.

पाणी म्हणजे दोन बादल्या शिंपडणं नव्हे. शेडमधल्या कोरड्या लिटरमध्ये (कोंबड्यांखालचं तूस आणि विष्ठा) धरा 25 टक्के ओल. ती 55 टक्क्यांवर न्यायला टनामागे साडेसहाशे-सातशे लिटर पाणी लागतं, म्हणजे 200 लिटरची साडेतीन टिपाडं. पाचट मिसळलं तर त्याचं वेगळं. वरून ओतलेलं पाणी कडेने पळतं, म्हणून थर लावतानाच पाजा. मूठ दाबली की बोटांच्या फटीत ओल चमकावी, थेंब गळू नये.

बाकी कामं :
- 1 पाटी लिटरला 2 पाट्या पाचट किंवा सोयाबीनचं कुटार
- उंची 4 ते 5 फूट, रुंदी 6 ते 8 फूट
- पालटी (ढीग खालीवर करणं) 7, 14, 24 आणि 35 व्या दिवशी. प्रत्येक वेळी ओल तपासून पाणी
- चुना घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं
- मेलेली कोंबडी ढिगात नको. एकदम मर वाढली तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना (2006 चा नवापूरचा बर्ड फ्लू आठवा)

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतलं तापमान 55 ते 65 अंश हवं. साल्मोनेलासारखे रोगजंतू आणि तणांचं बी त्यातच मरतं. थर्मामीटर नसेल तर सब्बल ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर काम चालू आहे. गारच लागली तर दहातल्या आठ वेळा पाणी कमी पडलेलं असतं. सत्तरच्या वर मात्र कामाचे जिवाणूही मरतात, तेव्हा लगेच पालटी. आत राखेसारखी पांढरी जाळी दिसली तर घाबरून औषध मारू नका, ते ॲक्टिनोमायसिट्स, आपलेच गडी.

हजाराची कल्चरची बाटली घ्यायची का? शिफारस टनाला 1 किलो जिवाणू संवर्धकाची आहे, स्वस्तात मिळालं तर वापरा. माझा अनुभव असा, की मागच्या ढिगातलं चार पाट्या मुरलेलं खत आणि शेणकाला पुरतो. लिटरमध्ये जिवाणूंचा तोटा नाहीच, पाण्याचा आहे. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) ढीग निवल्यावरच. गरम ढिगात टाकलं तर पैसे शिजवल्यासारखं.

वळीव कधीही येईल. उघड्या ढिगावर तो कोसळला की वरचं सत्त्व ओघळीने जातं, पोट मात्र कोरडंच राहतं. हुमणीचे भुंगेरेही याच पावसात बाहेर पडतात आणि अर्धवट कुजलेलं खत त्यांना अंडी घालायला आवडतं. आभाळ भरलं की ताडपत्री, उघडलं की काढा. सतत झाकलेला ढीग आतून नासतो.

अक्षय तृतीयेच्या सुमारास आलं लावणार असाल तर यंदा जुनं शेणखतच घाला. आज भिजवलेला ढीग मृगापर्यंत निवेल, पण मुरायला आणखी महिना हवा. तो भाजीपाल्याला किंवा द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला ठेवा. शंका असेल तर डब्यात खत-माती अर्धी-अर्धी घेऊन मेथी पेरा. आठवड्यात रोपं पिवळी पडली तर पुन्हा पालटी, पुन्हा पाणी.