टोळीचा तक्ता: संघटित गुन्हेगारीचे खटले शिकू पाहणाऱ्यांसाठी

कायद्याची पदवी घेऊन कोल्हापुरात फौजदारी वकिली सुरू करणाऱ्यांपैकी दोघे-तिघे तरी दर वर्षी मला विचारतात की, ‘मोक्का’च्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, खटल्यांत काम कसे मिळते आणि त्यासाठी काय वाचावे. हा प्रश्न विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर पिस्तुले, टोळीयुद्ध आणि पोलीस बंदोबस्तात भरलेले न्यायालय असते. मी एका ज्येष्ठ विशेष सरकारी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझीही कल्पना याहून वेगळी नव्हती. प्रत्यक्षात पहिली तीन वर्षे माझ्या वाट्याला आले ते जुन्या दोषारोपपत्रांचे गठ्ठे, नकलांचे अर्ज आणि रोजनाम्यांच्या, म्हणजे न्यायालयातील रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या, अस्पष्ट झेरॉक्स प्रती. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने आधी या कागदांशी जमवून घ्यावे, असे माझे मत आहे, कारण हे खटले बहुतेक वेळा तिथेच उभे राहतात किंवा तिथेच कोसळतात.

आपल्या भागात संघटित गुन्हेगारीचा धोका गोळीबाराच्या आवाजाने क्वचितच कळतो. तो खासगी सावकारीत, मटक्यात, जागा रिकामी करून देण्याच्या सुपाऱ्यांत आणि औद्योगिक वसाहतींतील ठेक्यांच्या दमदाटीत मुरलेला असतो. लक्ष्मीपुरीतील एका धान्य व्यापाऱ्याची वही मी पहिल्यांदा हाताळली, तेव्हा हे मला समजले. वहीच्या पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची उधारी होती आणि मागून उलटी धरली की व्याजाचा हिशेब होता. महिना दहा टक्क्यांनी घेतलेल्या एक लाखातून पहिल्या महिन्याचे दहा हजार आधीच कापलेले, म्हणजे हाती आले नव्वद हजार. पुढे दहा हप्त्यांत मुद्दलाएवढे व्याज गेले, तरी मुद्दल जागच्या जागी होते. तारण म्हणून कोरे धनादेश आणि सही केलेला मुद्रांक कागद दिलेला होता. या माणसाला कोणी हातही लावला नव्हता. रोज संध्याकाळी दोन मुले दुकानासमोर मोटारसायकल उभी करून बसत, एवढेच. त्याने तक्रार दिली ती दोन वर्षांनी, आणि तीही दुसऱ्या कोणीतरी आधी दिली म्हणून.

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच मोक्का, 1999 सालचा आहे. तो एका सुट्या गुन्ह्याकडे पाहत नाही, तर टोळीच्या सातत्याकडे पाहतो, आणि हा फरक नव्या वकिलाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावीत, ती तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांची असावीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी, अशी कायद्याची अट आहे. शिवाय आर्थिक किंवा अन्य लाभाचा हेतू आणि त्यासाठी हिंसा, धाकदपटशा किंवा इतर बेकायदा मार्गांचा वापर दिसावा लागतो. यासाठी तपासी अधिकारी प्रस्तावासोबत टोळीचा तक्ता जोडतात: वर टोळीप्रमुख, खाली सदस्य, प्रत्येकासमोर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे आणि सद्यःस्थिती.

मी तपासलेला पहिला तक्ता सात गुन्ह्यांचा होता. पोलीस ठाण्याकडून आलेली यादी मी सुबक अक्षरांत उतरवून काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारले, “अगं, ही यादी पोलिसांची झाली, तुझी कुठली? दखल घेतल्याचा रोजनामा बघितलास?” पुढचे चार दिवस मी नक्कल विभागाच्या खिडकीपाशी काढले. सातांपैकी दोन गुन्ह्यांत दोषारोपपत्रच गेलेले नव्हते, एक दहा वर्षांच्या मुदतीबाहेरचा होता आणि एक निव्वळ जुगाराचा होता. मटक्याच्या नेहमीच्या कलमांची शिक्षा तीन वर्षांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तो मोजता येत नव्हता. उरले तीन. तेवढेही पुरेसे होते, पण ‘सात’ हा आकडा तसाच न्यायालयापुढे गेला असता, तर बचाव पक्षाने चार गुन्हे खोडून काढताना उरलेल्या तीन गुन्ह्यांवरचाही विश्वास घालवला असता. उलट, विनापरवाना सावकारीसाठी 2014 च्या कायद्याच्या कलम 39 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद असल्याने तो गुन्हा या हिशेबात धरता येतो. म्हणून तक्ता करताना प्रत्येक कलमासमोर शिक्षेची कमाल मर्यादा पेन्सिलीने लिहिण्याची सवय मी तेव्हापासून ठेवली आहे.

अभ्यासासाठी लांब जाण्याची गरज नाही. एप्रिल 2019 मध्ये राजारामपुरीलगतच्या यादवनगरात मटक्याच्या अड्ड्यावर छापा टाकायला गेलेल्या पोलीस पथकावर हल्ला झाला. त्या गुन्ह्याला मोक्का लागला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2022 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रांची अट टोळीला लागू आहे. प्रत्येक आरोपीच्या नावावर स्वतंत्रपणे तेवढी दोषारोपपत्रे असण्याची गरज नाही. हा निकाल मुळातून वाचावा, कारण त्यात आपल्या ओळखीच्या गल्ल्यांतील घटना कायद्याच्या परिभाषेत कशी मांडली जाते ते दिसते.

मात्र या निकालाचा आधार घेऊन वाटेल त्याचे नाव तक्त्यात घालणे, ही मला दिसलेली सर्वांत मोठी चूक आहे. मोक्काच्या कलम 21(4) मुळे जामीन अत्यंत अवघड होतो. आरोपी दोषी नसल्याचे आणि बाहेर आल्यावर पुन्हा गुन्हा करणार नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, असे न्यायालयाचे समाधान व्हावे लागते. टोळीप्रमुखाच्या गाडीवर एकदा चालक म्हणून गेलेला पोरगा केवळ तक्ता भरगच्च दिसावा म्हणून आत गेला, तर त्याची उमेदीची वर्षे कळंब्याच्या कारागृहात जातात आणि अखेरीस त्याच्याविरुद्धचा पोकळ पुरावा मुख्य आरोपीच्या कामी येतो. सरकारपक्षाकडून काम करताना ही गोष्ट तपासी अधिकाऱ्याला वेळीच आणि स्पष्टपणे सांगावी. त्याला राग येईल; येऊ द्यावा.

यानंतर येतात मंजुरीचे टप्पे. मोक्काचे वाढीव कलम लावण्यापूर्वी पोलीस उपमहानिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. आपल्याकडे असा प्रस्ताव कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे जातो. तपास उपअधीक्षक दर्जाखालील अधिकाऱ्याला करता येत नाही आणि न्यायालयाने दखल घेण्यासाठी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी असावी लागते. मंजुरी आदेशाखालची सही पाहून समाधान मानू नये. अधिकाऱ्यापुढे कोणते कागद होते, त्याने ते वाचल्याचे आदेशातून दिसते का आणि प्रस्तावातील मजकूर जसाच्या तसा उतरला आहे का, हे उलटतपासणीच्या नजरेने तपासावे.

मुदतवाढीचा अहवाल हा तर ज्युनिअरच्या हातून हमखास बिघडणारा कागद आहे. दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवसांची मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवता येते, परंतु त्यासाठी तपासाची प्रगती आणि आरोपीला पुढे अटकेत ठेवण्याची विशिष्ट कारणे सांगणारा सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालील 1994 च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, सरकारी वकील हा पोलिसांचा टपाल्या नव्हे, त्याने स्वतः विचार करून अहवाल दिला पाहिजे. ‘तपास अपूर्ण आहे’ हे कारण नव्हे. कोणत्या बँकेकडून कोणते खाते उतारे यायचे आहेत, कोणता आरोपी फरार आहे, कोणत्या मालमत्तेचे दस्त दुय्यम निबंधकांकडून मागवले आहेत, असे नेमके लिहावे, आणि तेही ऐंशीव्या दिवसाच्या आत तयार ठेवावे.

पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब या कायद्यात पुरावा म्हणून चालतो. मी त्यावर फार विसंबून राहत नाही. तो बहुधा मागे घेतला जातो आणि मग सारा खटला त्या एका कागदाभोवती फिरत राहतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर कलम 111 मध्ये संघटित गुन्हेगारी आणि 112 मध्ये किरकोळ संघटित गुन्हेगारी आली. नव्या वकिलांना कलम 111 मोक्कापेक्षा सोपे वाटते, कारण त्यात पूर्वमंजुरीची पायरी नाही. पण त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबाची सवलत नाही, एकशे ऐंशी दिवस नाहीत आणि जामिनावरील ते विशेष बंधनही नाही. सातत्याची अट मात्र जवळपास तशीच आहे. म्हणजे टोळीचा तक्ता इथेही करावाच लागतो. आता वसुलीची दमदाटी व्हॉट्सअॅपवर होते आणि व्याज यूपीआयने जाते, म्हणून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र मोबाईल जप्त होतानाच डोक्यात असावे.

व्यवसायाच्या दृष्टीने एक बदल तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. आम्ही जामिनाच्या एका सुनावणीसाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जात होतो आणि तारीख पडली की त्याच गाडीने परतत होतो. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले आहे. फावल्या वेळी तिथे मागच्या बाकावर बसून अशा अर्जांवरचे युक्तिवाद ऐकावेत.

राहिला साक्षीदार. गुन्हा दाखल होणे आणि साक्ष होणे यांत कित्येक वर्षे जातात. तेवढ्या काळात आरोपीचे नातेवाईक, समाजातील वजनदार मंडळी, कधी साक्षीदाराचेच मेहुणे मिटवामिटवीचा निरोप घेऊन येतात. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच मान्य केली आहे, परंतु तिच्यासाठी अर्ज करावा लागतो हे साक्षीदाराला कोणी सांगत नाही. आपण सांगावे आणि अर्ज स्वतः लिहून द्यावा.

लक्ष्मीपुरीच्या त्या व्यापाऱ्याची साक्ष सहा वर्षांनी झाली. समन्स लागल्यावर तो माझ्याकडे आला आणि आरोपीकडे बघावे लागेल का, एवढेच त्याने विचारले. ओळख पटवण्यापुरते बघावे लागेल, असे मी सांगितले. साक्षीच्या दिवशी त्याने वही ओळखली, हप्त्यांच्या तारखा सांगितल्या आणि दोन तास चाललेल्या उलटतपासणीत तो डगमगला नाही. पिंजऱ्यातून उतरल्यावर तो थेट माझ्यापाशी आला आणि वही परत कधी मिळेल, असे विचारू लागला. पुढच्या पानांवरची गिऱ्हाइकांची उधारी अजून वसूल व्हायची होती. मुद्देमाल निकालापूर्वी सुटणार नव्हता. मी त्या पानांच्या नकलेचा अर्ज तिथेच लिहिला आणि त्याची सही घेतली.