निकालाआधी निकाल लावू नका: स्तनातल्या गाठीच्या तपासण्या बाकी असताना या चुका टाळा

गाठ हाताला लागली म्हटल्यावर भीती वाटणारच. 'घाबरू नका' असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते ऐकून कुणाची भीती गेलेली मी आजवर पाहिलेली नाही. स्तनविकारांच्या ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर माझी तक्रार वेगळीच आहे. तपासणी आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत बायका मिळेल त्या गोष्टीवरून स्वतःच निकाल लावून मोकळ्या होतात. सोनोग्राफी करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, रिपोर्टातल्या एका शब्दावरून, फोन उशिरा आला यावरून, रात्री पडलेल्या स्वप्नावरून. गाठीत काय आहे हे यांपैकी कशालाच ठाऊक नसतं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची साधी घट्ट गाठ, पाण्याची गाठ, पाळीच्या चक्राबरोबर कमीजास्त होणारा घट्टपणा, असंच काहीतरी निघतं. पण तुमची गाठ त्या बहुतेकांतली आहे की नाही, हे तपासणीच सांगणार.

रात्री एकटीने रिपोर्ट उघडणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

एक गणिताच्या शिक्षिका होत्या. सोनोग्राफीचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला आणि घरचे झोपल्यावर त्यांनी तो उघडला. त्यात 'बायरॅड्स ४ए' असं लिहिलं होतं, शेजारी 'सस्पिशस' हा शब्द. बाईंनी त्यातला चारचा आकडा उचलला, त्याचा अर्थ कॅन्सरची चौथी स्टेज असा लावला आणि पहाटेपर्यंत चौथ्या स्टेजबद्दल वाचत बसल्या. सकाळी ओपीडीत आल्या त्या वही घेऊन. बँकेची खाती, विम्याचे कागद कुठे आहेत, मुलीच्या शिक्षणाचं काय करायचं, सगळं लिहून आणलेलं. समास आखलेला, अक्षर सुबक, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीने रेघ. मी विचारलं, "बाई, रिपोर्टातली शेवटची ओळ वाचली का?" नव्हती वाचली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सुईने तुकडा घेऊन तपासावा, म्हणजे बायॉप्सी करावी. बास, एवढंच.

बायरॅड्सचा आकडा आणि कॅन्सरची स्टेज यांचा एकमेकांशी संबंध नाही. स्टेज ठरते ती कॅन्सर आहे हे सिद्ध झाल्यावर. बायरॅड्स ही रेडिऑलॉजिस्टनी चित्र बघून मांडलेली शक्यता असते, आणि पुढे काय करावं याची सूचना. आकडे शून्य ते सहा. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी एखादी तपासणी लागेल. लोक शून्यालाही घाबरतात आणि शून्य बघून खूशही होतात, दोन्ही चूक. एक म्हणजे काही दिसलं नाही, दोन म्हणजे दिसलं ते साधं आहे. तीनमध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, म्हणून बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. चार हा सगळ्यात लांबरुंद गट, म्हणून त्याचे तीन भाग केलेत: ४ए म्हणजे दोन ते दहा टक्के, ४बी दहा ते पन्नास, ४सी पन्नास ते पंच्याण्णव. पाच म्हणजे पंच्याण्णव टक्के किंवा अधिक. सहा हा आकडा कॅन्सर आधीच सिद्ध झालेल्यांसाठी आहे. म्हणजे शिक्षिकाबाई ज्या आकड्यापायी रात्रभर जागल्या, त्या आकड्याच्या शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त गाठी साध्या निघतात. त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मी हे लिहून दिलं, तेव्हा बाई आधी रडल्या आणि मग माझ्यावरच चिडल्या, की हे रिपोर्टावर सरळ का छापत नाहीत. त्यांचं चुकीचं नव्हतं.

पुढे त्यांच्या बायॉप्सीत काय आलं ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ते उचलून स्वतःच्या गाठीला लावाल. शेजारणीच्या, मावशीच्या, ऑफिसातल्या कुणाच्या तरी गोष्टींचंही असंच होतं. त्यांची गाठ वेगळी, वय वेगळं.

मी सांगते ती सवय अशी: अंधार पडल्यावर आलेला रिपोर्ट सकाळपर्यंत उघडायचा नाही. उघडायचा तो ओपीडी चालू असताना, शेजारी कुणीतरी बसलेलं असताना, आणि आधी शेवटचा निष्कर्ष वाचायचा. वरचं 'हायपोएकोइक' वगैरे वर्णन डॉक्टरांसाठी असतं. हायपोएकोइक म्हणजे सोनोग्राफीत आजूबाजूच्या भागापेक्षा गडद दिसणारं, आणि तसं साध्या गाठीही दिसतात. इंटरनेटवर शोधायचंच असेल तर आधी प्रश्न कागदावर लिहा आणि तेवढाच शोधा. 'फक्त पाच मिनिटं बघते' म्हणणारी बाई पाच मिनिटांत थांबलेली मला अजून भेटायची आहे.

गाठ सारखी दाबून बघणे

आंघोळीत एकदा, आरशासमोर एकदा, झोपताना एकदा, मग नवऱ्याला 'तू बघ जरा'. दोन दिवसांत तो भाग दुखरा होतो, थोडी सूज येते, आणि मग बाई धावत येते: "सिस्टर, वाढली हो!" वाढवलीत तुम्हीच. बायॉप्सीनंतर तर आत थोडं रक्त साकळतं, काळंनिळं होतं, काही दिवस ती जागा आधीपेक्षा घट्ट लागते, त्यामुळे दाबून काही कळण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टरांनी गाठ पाहिली, मोजली, नोंदवली. तुमच्या बोटांचं काम तिथे संपलं. पण बायॉप्सीनंतर जागा भराभर फुगली, रक्त थांबेना, ताप आला किंवा लाली पसरायला लागली, तर मात्र लगेच फोन करा.

दुखण्यावरूनही निकाल लावू नका. दुखतंय म्हणून कॅन्सर नाही, किंवा दुखत नाही म्हणून नक्की तोच, ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

चेहरे वाचणे

सोनोग्राफी करणारी व्यक्ती गप्प होती, एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रोब फिरवत होती, दुसऱ्या डॉक्टरांना आत बोलावलं. अहो, मन लावून मोजमाप घेणारा माणूस असाच दिसतो. तंत्रज्ञाला तर बऱ्याच ठिकाणी निकाल सांगायची परवानगीच नसते.

शॉर्टकट

वाट बघवत नाही म्हणून काहीजणी परस्पर लॅबमध्ये जाऊन रक्तातला 'ट्यूमर मार्कर' करून येतात. सीए १५-३ नावाची ती तपासणी गाठ साधी आहे की नाही हे ठरवण्यासाठी नसतेच. आकडा नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही, आणि साध्या कारणांनीही तो वाढतो. पैसे जातात आणि काळजीत एका कागदाची भर पडते. कुणी म्हणतं, 'सरळ पूर्ण अंगाचा स्कॅन करा.' कुणी म्हणतं, 'बायॉप्सी कशाला, गाठ काढूनच टाका.' न तपासता काढलेली गाठ उद्या कॅन्सरची निघाली, तर ऑपरेशनचं नियोजन आधी नीट करायची संधी गेलेली असते, बऱ्याचदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. डॉक्टरांनी हाताने तपासणं, मॅमोग्राफी (म्हणजे स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईने तुकडा: हा क्रम कंटाळवाणा आहे, पण कामाचा आहे.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने बायॉप्सी टाळू नका. निदानाची ती प्रस्थापित पद्धत आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत डिओडोरंट किंवा पावडर नको, त्यांचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. नसती आणखी एक चक्कर आणि नसती आणखी एक रात्र.

तारीख न विचारता घरी जाणे

बायॉप्सीच्या टेबलावरून उठताना 'रिपोर्ट कधी?' एवढंच विचारलं जातं. उत्तर येतं, 'येईल चार-पाच दिवसांत.' मग दुसऱ्या दिवसापासून फोन उशाशी, फोन बाथरूममध्ये, अनोळखी नंबर दिसला की छातीत धस्स. आणि सहावा दिवस उजाडला की ठरलंच: 'वाईट आहे म्हणून सांगत नाहीयेत.'

तुकड्याचं पुढे काय होतं ते ऐका, म्हणजे उशीर कुठे होतो ते दिसेल. तुकडा आधी फॉर्मलिन नावाच्या, तो टिकवणाऱ्या द्रावणात निदान सहा तास तरी मुरावा लागतो. मग यंत्रात त्यातलं पाणी काढून मेण भरतात, याला बहुधा रात्र जाते. मेणाच्या ठोकळ्याचे काही मायक्रॉन जाडीचे, केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढतात, काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कधी आणखी काप हवे असतात, कधी खास रंग लावावे लागतात, कधी सहकाऱ्याचं मत घेतात. दरवेळी एक-दोन दिवस वाढतात, मध्ये सुट्टी आली तर आणखी. साध्या गाठींचे रिपोर्टही असे लांबतात. उशिरातून काहीही कळत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी विचारून, लिहूनच घ्यायचं: कोणत्या तारखेपर्यंत येईल, कोण कळवेल, फोनवर सांगतील की बोलावतील, आणि तारीख उलटली तर आपण कुणाला फोन करायचा. 'प्रत्यक्ष या' असं सगळ्यांनाच सांगण्याची पद्धत आहे का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी असते, आणि हे माहीत नसलेली बाई 'या' म्हटल्याबरोबर कोसळते. शिवाय रजिस्टरवर नंबर कुणाचा आहे ते बघा. एकीने नवऱ्याचा दिला होता. फोन आला, तो उठून बाहेर गेला, आत येऊन म्हणाला, "काही नाही." एवढ्यावर त्या माउलीने दोन रात्री काढल्या. फोनवर फक्त अपॉइंटमेंट एक दिवस पुढे गेल्याचं सांगितलं होतं, आणि नवऱ्याला वाटलं, कशाला उगीच काळजी. घरच्यांनो, फोन तिच्यासमोर घ्या.

याच्या उलट चूक म्हणजे तारीख उलटली तरी गप्प बसणं. 'बातमी नाही म्हणजे सगळं ठीकच असणार' असं धरू नका. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. कागद हरवतात, नंबर चुकतात.

निदानासाठी थोडे दिवस गेल्याने सहसा उपचारांत फरक पडत नाही. महिने घालवले तर पडू शकतो. त्यामुळे 'मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग बघू' हे मला सांगू नका.

रात्रीचं काय करायचं

'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. बाई हसली किंवा रडली म्हणून काचेवरच्या पेशी बदलत नाहीत. रडावंसं वाटलं तर रडा, रिपोर्ट त्याने बिघडत नाही.

मी वहीचं एक पान उभं दुमडायला सांगते. डावीकडे 'माहीत आहे', उजवीकडे 'मी लावलेला अर्थ'. गाठ दोन सेंटिमीटरची आहे, हे डावीकडे. 'डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते', हे उजवीकडे. 'माझं मन सांगतंय' हेही उजवीकडे, मन कितीही ठामपणे सांगत असलं तरी. डावी बाजू बहुतेकींची चार-पाच ओळींत संपते. हे दिवसाउजेडी करायचं, एक अर्धा तास ठरवून, आणि वही मिटायची. रात्री विचार आला की त्याला उद्याच्या अर्ध्या तासाची वेळ द्यायची. लगेच जमत नाही. पहिल्याच रात्री 'सिस्टर, उपयोग नाही झाला' म्हणून तक्रार करू नका, चार रात्री तरी द्या.

छाती भरून आली तर श्वास सोडण्यावर लक्ष द्या. घेतलात त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सावकाश सोडा, काही मिनिटं. दुसऱ्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. झोपच लागत नसेल, रोजची कामं होत नसतील, सारखे घाबरण्याचे झटके येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. त्याच्या उपचारासाठी गाठीच्या निकालापर्यंत थांबायची गरज नाही. जगणंच नको असे विचार आले तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

सांगायचं कुणाला? सगळ्यांना सांगितलं तर रोज दहाजणांना उत्तरं द्यावी लागतात, कुणालाच नाही सांगितलं तर एकटीच्या डोक्यात सगळं घुमत राहतं. एक-दोन माणसं निवडा. बाकीच्यांना कळवायचं काम त्यांतल्या एकाला द्या.

निकालाच्या दिवशी

एकटीने जाऊ नका, आणि सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. कॅन्सर हा शब्द कानावर पडला, मग 'आहे' असो की 'नाही', पुढचं वाक्य ऐकूच येत नाही. कॅन्सर निघाला तर सगळं त्याच दिवशी ठरवायची घाई नसते. आणखी तपासण्यांचे रिपोर्ट यायचे असतात, प्रश्न घेऊन पुन्हा भेटता येतं.

साधी गाठ निघाली की बायका खुर्चीतून उठून पळतातच. दोन मिनिटं बसा. विचारा, "बायॉप्सीत आलंय ते सोनोग्राफीत दिसलं त्याच्याशी जुळतंय का?" जुळत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो, आणि हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. पुन्हा कधी दाखवायचं तेही विचारून घ्या. आणि ती फाइल, फिल्मसकट, घरी नीट ठेवा. पुढच्या मॅमोग्राफीला जुन्या चित्रांशी तुलना करता आली, तर बऱ्याचदा नव्या तपासण्या वाचतात.