संगीत नाटकाचा सिनेमा करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात नाटक आणि सिनेमा शेजारी शेजारी वाढले. केशवराव भोसलेंच्या नावाचं नाट्यगृह इथलं, १९२९ साली 'प्रभात' ही सिनेमा कंपनी सुरू झाली तीही इथेच. त्यामुळे "नाटक रंगतंय ना, मग कॅमेरा लावायचा आणि काय" असं म्हणणारा इथे हमखास भेटतो. मीही त्यातलाच होतो.

एका जुन्या वाड्यात आम्ही काही पदं चित्रित केली. गायक नट मुरलेला, सूर पक्का. एडिटिंगला बसलो तर प्रत्येक पदानंतर दृश्य मरतंय. हात वर, मान किंचित तिरकी, चार-पाच सेकंद गडी नुसता उभा. कारणच कळेना. शेवटी तबलजींनी बघून सांगितलं, "अवो, त्यो टाळीसाठी थांबलाय!"

असं झालंच असेल तर शेवटच्या समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कट मारा, पुढच्या संवादाचा आवाज आधीच आत घ्या. खरा इलाज मात्र संहितेत आहे: पद कोणासाठी गातोय? रंगमंचावर ते प्रेक्षागृहासाठी असतं, नायिका तेवढा वेळ पदर चाळवत उभी राहिली तरी चालते. सिनेमात पदाचा निम्मा वेळ तिच्या चेहऱ्याला द्यावा लागतो. ऐकणारंच कोणी नसेल, तर पद कितीही गाजलेलं असो, काढा. जीव तुटतो, मान्य. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'वर २०१५ साली सिनेमा आला, त्यातही जुन्या पदांच्या जोडीला नवी गाणी होतीच.

हक्कांचं आधी बघा. 'मानापमान' लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, त्यामुळे मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहण्याच्या नियमाने त्याची संहिता २००९पासून मोकळी झाली. पण चालीचा हक्क वेगळा मोजतात. त्याच नाटकाच्या चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. ते गेले १९५५ साली, म्हणजे तिथे २०१६ उजाडावं लागलं. कुणी गायलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी निराळा.

आता ओठ. प्लेबॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं गाणं वाजत असताना, नट नुसते ओठ हलवतो आणि तान आली की पकडला जातो, कारण गळ्याची शीर हलत नाही. त्याला सेटवर मोठ्याने गायला लावा, बेसूर झाला तरी चालेल, तो आवाज वापरायचाच नाही. पन्हाळ्यावर वारा असला की स्पीकरचं काही ऐकू येत नाही, कानात छोटा इअरफोन द्या. आणि स्लो मोशनची हौस जपून. सेकंदाला ४८ फ्रेमवर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट, शूट करायचं तर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. संथ भावगीताला ते जमतं, द्रुत तानेला नट बिचारा तोंड तरी किती वेगाने हलवणार!