बाळ तासभर दूध ओढते, तरी वजन घटते : माझा अनुभव

बाळ तासभर अंगावर असूनही भुकेने रडे, स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि पुण्यातील बालरोगतज्ज्ञांच्या पहिल्या तपासणीत वजन जन्मवजनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. अळिवाची खीर, शतावरी, चिरांवर साजूक तूप यांपैकी कशानेही फरक पडला नाही. मी अगदी हताश झाले होते.

दूध पुरेसे होते, पण बाळाची पकड उथळ होती, म्हणजे ते स्तनाचा पुरेसा भाग तोंडात न घेता फक्त स्तनाग्र धरत होते. अंगावरचे दूध काढून ते तात्पुरते वाटी-चमच्याने द्यायला डॉक्टरांनी सांगितले आणि स्तनपान समुपदेशक ताईंनी पुढील क्रम शिकवला. डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हातावर घेऊन त्याचे पोट आपल्या पोटाला टेकवावे, कान, खांदा व कंबर एका रेषेत ठेवावेत आणि तळव्याने मानेला आधार द्यावा. डोके दाबू नये. नाक स्तनाग्रासमोर आणून बाळ जांभईसारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबावे (हे थांबणेच सर्वांत महत्त्वाचे), आणि मग हनुवटी आधी टेकेल असे बाळाला स्तनाकडे आणावे. दुखत राहिल्यास तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी व पुन्हा लावावे.

खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला आणि गिळण्याचा आवाज आला, म्हणजे पकड जमली. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ पेक्षा कमी वेळा लघवी झाली किंवा बाळ सुस्त वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.