ॲडलेडला मास्टर्स करताना बोमॉन्ट केसवर प्रोजेक्ट केला, त्याचा अनुभव

जर्नालिझमच्या मास्टर्सला ॲडलेडला येणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं की प्रोजेक्टला न सुटलेली केस घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी बोमॉन्ट भावंडांची घेतली होती. सर म्हणाले होते की ही सगळेच घेतात, दुसरं काहीतरी बघ, पण ऐकेन तर शपथ.

केस अशी. २६ जानेवारी १९६६, इथला ऑस्ट्रेलिया डे (तारीख आपल्याला पाठच). ९ वर्षांची जेन, ७ वर्षांची आर्ना आणि ४ वर्षांचा ग्रँट घराजवळून बस पकडून ग्लेनेल्गच्या बीचवर गेले, दुपारच्या बसने परत यायचं होतं, आलेच नाहीत. आजपर्यंत काही सापडलेलं नाही. बीचलगतच्या कॉली रिझर्व्हमध्ये एक उंच, सडपातळ माणूस त्यांच्याशी खेळताना लोकांनी पाहिला होता. आणि आईला नंतर आठवलं की आर्ना आधी एकदा चिडवत म्हणाली होती, जेनला बीचवर बॉयफ्रेंड मिळालाय, आईने अर्थातच गंमत म्हणून सोडून दिलं.

आता माझी पहिली माती. जेनने बेकरीतून पेस्टी आणि मीट पाय घेतले आणि १ पौंडाची नोट दिली, हा केसमधला फार महत्त्वाचा धागा आहे, कारण आईने फक्त चिल्लर दिली होती, म्हणजे नोट दुसऱ्या कुणीतरी दिली असणार. मी ड्राफ्टमध्ये बिनधास्त '१ डॉलर' लिहिलं. सरांनी लाल गोल करून शेजारी फक्त तारीख लिहिली, १४ फेब्रुवारी १९६६. त्या दिवशी इथे डॉलर आला, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी! आपल्याकडे आणे जाऊन नवे पैसे आले १९५७ ला, कुणी १९५० च्या गोष्टीत नवे पैसे घातले तर आजी लगेच पकडेल ना, तसंच झालं. तेव्हापासून मी आधी त्या काळची नाणी, बस, दुकानं बघते आणि मग लिहायला बसते.

दुसरं म्हणजे साक्षीदाराची वेळ घड्याळासारखी धरू नका. पोस्टमनने मुलांना बघितलं, तो त्यांना ओळखायचा, वेळ तीनच्या आसपास सांगितली गेली, पण ती सकाळची असावी अशी शंका नंतर आली. या एका वेळेवर अख्खी टाइमलाइन हलते. मी एक्सेलमध्ये तीन कॉलम केले, काय सांगितलं, कोणी सांगितलं, आणि कधी सांगितलं, आणि तिसऱ्या कॉलमनेच मला वाचवलं.

जुने पेपर ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीचं ऑनलाइन संग्रहालय) फुकट आहेत म्हणून खूश होऊ नका, ॲडलेडचे बहुतेक पेपर तिथे १९५४ पर्यंतच आहेत. कॅनबेरा टाइम्स मात्र पुढचाही मिळतो. लोकल बातम्यांसाठी नॉर्थ टेरेसवरच्या स्टेट लायब्ररीत मायक्रोफिल्म (पेपरांच्या पानांचे बारीक फोटो असलेली रीळं) फिरवत बसायचं, पहिल्या दिवशी डोकं गरगरतं, सवय होते.

संशयितांची नावं मी एकही लिहिलं नाही. यावरून ग्रुपमध्ये भांडण झालं, पण कुणावरही या केसचा खटलाच चाललेला नाही तर आपण कोण ठरवणार. तशीही या केसमध्ये खात्रीने बोलणारे कमी नव्हते. १९६६ मध्येच क्रॉइसेट नावाचा, अतींद्रिय शक्ती असल्याचा दावा करणारा एक डच माणूस आला, एका गोडाऊनखाली मुलं पुरलीत म्हणाला, लोकांनी ४०,००० डॉलर जमवून जमीन उकरली, काही नाही. पुढे जेनच्या नावाने पत्रं आली, आईवडील सांगितलेल्या जागी जाऊन थांबले, कुणी आलं नाही, आणि १९९२ मध्ये बोटांच्या ठशांवरून कळलं की ती एका पोराने चेष्टा म्हणून लिहिली होती. चेष्टा! मुलं तिथे पुरली असतील या संशयावरून नॉर्थ प्लिम्टनच्या एका फॅक्टरीची जागा २०१३, २०१८ आणि २०२५ अशी तीनदा खणली, २०१८ ला मिळाली ती जनावरांची हाडं.

आईवडिलांबद्दलचं चॅप्टर मी सगळ्यात शेवटी लिहिलं, हिंमत होत नव्हती. मुलं परत आली तर घर सापडावं म्हणून ते कित्येक वर्षं तिथेच राहिले. १९९० मध्ये पेपरांनी मुलं मोठी झाली असती तर कशी दिसली असती याचे कॉम्प्युटरवर केलेले फोटो त्यांच्या मर्जीविरुद्ध छापले, आईने ते बघायलाही नकार दिला. ती २०१९ ला गेली, वडील २०२३ ला. माझ्या कव्हरवर असाच एक फोटो होता, तो मी काढून टाकला.

आणि हो, ग्लेनेल्गला ट्रॅमने एकदा जाऊन याच, जमलं तर उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी. मोझली स्क्वेअरला उतरलं की कॉली रिझर्व्ह दोन पावलांवर आहे. मी गेले तेव्हा गवतावर पाय ठेवायला जागा नव्हती, तासभर बसले आणि घरी येऊन आठवायला गेले तर एकाही माणसाचं वर्णन धड लिहिता येईना.